बंगला ढगळ होतोय

झेरॉक्सच्या दुकानात मास्तरीणबाई घड्याळाकडे बघत वैतागल्या होत्या. पुढच्या बापलेकींचं बोलणं संपेना. लेकीच्या हातात तिने लिहिलेली कथा, बापाच्या गळ्यात माप घ्यायची टेप.

"वाचलीत ना बाबा? कशी वाटली?"

"झकास. पण दहा खोल्यांचा बंगला, शेजारी चिटपाखरू नाही, आणि ही माणसं कुजबुजत का गं भांडतात?"

"तुम्ही नि आई तसेच तर भांडायचात."

"अगं, पडद्यापलीकडे गिऱ्हाईक बसलेलं असायचं! नाहीतर तुझ्या आईनं घर डोक्यावर घेतलं असतं. आणि ती मुलगी रुसून खोलीचं दार लावते, ती बाहेरच येत नाही."

"शेवट तिथेच फसलाय. काही केल्या निघत नाही ती."

"तू कुठे रुसून बसायचीस?"

"तुमच्या कापायच्या टेबलाखाली."

"मग? मी कधी समजूत घातली? कापता कापता रंगीत चिंध्या खाली सोडायचो. चार पडल्या की तुझं डोकं बाहेर."

"पण शिंप्याच्या एका खोलीची गोष्ट कोण वाचणार, बाबा?"

"ते मला काय ठाऊक? मी मापं घेणारा माणूस. हा बंगला तुझ्या कथेतल्या माणसांना ढगळ होतोय, एवढं दिसतं."

"बोला ताई, किती प्रती काढू?" दुकानदाराने विचारलं.

"आज एकही नको. आधी बंगला पाडायचाय."

"पाड. पण टेबल जरा उंच ठेव. आता केवढी झालीस तू!"