पत्रांखालचा ताजा कलम

प्रबंधातून मी वगळलेला एक प्रसंग तुम्हाला सांगतो. विषय होता एका फ्रेंच नाटकाची चित्रपट-रूपांतरे. त्यात नायक दुसऱ्याच्या नावाने प्रेमपत्रे लिहितो. जुन्या चित्रपटात तो अखेरीस मरतो, नव्या अमेरिकी चित्रपटात त्याला नायिका मिळते. माझ्याकडे व्हीसीआर नसल्याने दोन्ही कॅसेट मी अमेरिकेतल्या ट्रॉय गावी, ओळखीच्या जोशी काका-काकूंच्या घरी पाहिल्या.

"काका, नाटकाशी अधिक प्रामाणिक कोणता वाटला?" मी विचारले.

काकांनी टीव्ही बंद केला आणि ते काकूंकडे वळले. "अगं, लग्नाआधी इथून तुला पाठवलेली पत्रं माझी नव्हती. माझा रूममेट सांगायचा, मी फक्त उतरवायचो."

मी वहीत डोके खुपसले.

"ठाऊक आहे," काकू म्हणाल्या. "पहिल्याच पत्रात चांदणं होतं. तुम्ही आणि चांदणं?"

"मग होकार कसा दिलास?"

"खाली ताजा कलम असायचा. 'इथे बर्फ फार पडतो, जाड मोजे लागतील.' मी अजून हो म्हटलंही नव्हतं, आणि तुम्हाला माझ्या पायांची काळजी! अहो, तेवढं तरी तुमचंच ना?"

"तेवढं माझंच," काका म्हणाले. "तो सारखा म्हणायचा, ते खोड, सगळं पत्र बिघडतंय."