फळ्यावरचा आरोप

मंडळी, जरा सावरून बसा! एक विचारतो — आरोप करायला माणसाला किती वेळ लागतो? आणि मागे घ्यायला? घाई नको, आधी ऐका.

एका गावात सोनटक्के गुरुजी शाळेत इंग्रजी शिकवायचे. भला माणूस, पण इंग्रजीचा भारी शौक! एका शनिवारी धडा काढला — आरोपाची भाषा. कुठल्या शब्दाला कुठला शब्द जोडायचा! "अक्यूज्डनंतर ऑफच येतो, पोरांनो!" आता उदाहरण हवं. दारात शिपाई गेनूमामा उभे, सगळ्या शाळेचे लाडके. गुरुजींनी हसत लिहिलं — 'गेनू इज अक्यूज्ड ऑफ स्टीलिंग घी.' म्हणजे काय? गेनूवर तूप चोरल्याचा आरोप आहे! वर्ग हसला. मामासुद्धा हसले. "आरोप मागे कसा घ्यायचा, ते सोमवारी!" गुरुजी म्हणाले, आणि शाळा सुटली.

पण मध्ये रविवार होता ना, मंडळी! पोरांनी वह्या घरी नेल्या. आयांनी अर्थ विचारला. "अगं बाई! खुद्द गुरुजींनी लिहून दिलंय!" सकाळी वाटीभर असलेलं तूप दुपारी डबाभर झालं. अहो, एवढं तर गावातल्या म्हशींनीही दिलं नव्हतं! देवळातल्या भंडाऱ्याचा स्वयंपाक बावीस वर्षं मामांच्या हातचा. तोच त्यांचा मान. संध्याकाळी देवळाचे पाच पंच त्यांच्या दारात — "मामा, देवळाच्या कोठीची किल्ली द्या." मामांनी कमरेची किल्ली काढून दिली.

सोमवारी गुरुजींच्या कानावर आलं. माझ्या एका वाक्यापायी? तसेच देवळात धावले. "अहो, ते नुसतं उदाहरण होतं! मामांनी काही चोरलं नाही. चूक माझी आहे!"

लोक काय म्हणाले? "असं होय!" एवढंच. आणि पुन्हा भंडाऱ्याची भाजी निवडायला लागले! पंचांनी किल्ली गुरुजींच्याच हातावर ठेवली. "जाता जाता तुम्हीच देऊन टाका ना!"

गुरुजी मामांकडे गेले. मामांनी किल्लीला हात लावला नाही.

"गुरुजी, तुमच्यावर राग नाही. तुम्ही लिहिलंत, तुम्हीच पुसायला आलात. पण काल किल्ली न्यायला पाच जण आले होते. आज द्यायला तुम्ही एकटेच?"

गुरुजींना शब्द सुचेना. इंग्रजीतला नाही, मराठीतलाही नाही!

हसताय? हसा. पण तुम्हीही कुणाच्या तरी दारात घोळक्याने गेला होतात. आठवलं? मग उद्या तितकेच जण परत जा. ते करून या — मग देवाचं नाव मोठ्याने घेऊ!