उष्टा सूर

मंडळी, आज एकच प्रश्न विचारतो, आणि उत्तराची घाई करू नका. तुमच्याजवळ तुमचं असं काय आहे? घर? ते वडिलांनी बांधलं. नाव? तेही आत्यानं ठेवलेलं! एखादा म्हणेल, बुवा, माझा आवाज तरी माझा आहे ना? थांबा. त्या आवाजाचीच गोष्ट ऐका.

सुभद्राबाई काणकोणकर म्हणून एक नटी होऊन गेल्या. संगीत नाटकातल्या. चौदाव्या वर्षी तोंडाला रंग लागला, तो सत्तरीपर्यंत उतरला नाही. आणि गळा कसा? त्या काळी माइक नव्हता, बरं का! कापडी थिएटर, पुढं गाद्या, मागं पिटातली स्वस्त तिकिटाची गर्दी — आणि बाईंचा सूर शेवटच्या माणसाच्या छातीत जाऊन बसायचा. त्यांचं एक भजन होतं, 'नारायणा' अशी साद घालणारं. लोक त्याला वन्समोअर देत. एक, दोन, चार! नाटकातला नवरा मरून पडलेला असायचा. तो बिचारा वन्समोअर संपेपर्यंत श्वास धरून पडायचा. हसा, हसा. पुढं हसू येणार नाही.

बोलपट आला. नाटक मंडळ्या बसल्या. बाईही सिनेमात गेल्या. पन्नाशी जवळ आलेली. आईची, सासूची कामं मिळू लागली. आणि एका चित्रपटात चक्क त्यांचं ते भजनच घेतलं! बाईंना केवढा आनंद. आठ दिवस आंबट नाही, थंड नाही, बोलणंसुद्धा जपून. गळ्याभोवती शाल गुंडाळून स्टुडिओत गेल्या, तर संगीतकार मान खाली घालून उभा.

"बाई, गाण्याचं रेकॉर्डिंग झालंय. शालन म्हणून एक मुलगी आहे, तिनं गायलंय. तुम्ही फक्त ओठ हलवायचे."

"का?"

"तुमचा आवाज माइकला झेपत नाही, बाई. आणि... वरचा सूर आता कापतो."

मंडळी, ज्याच्यावर सगळं आयुष्य उभं केलं तेच कुणी असं काढून घेतलं तर? बाई रडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "माझं भजन, माझं तोंड, आणि सूर दुसरीचा. उष्टं आहे हे. मी उष्टं खात नाही."

पण करार झालेला. कॅमेऱ्यासमोर बसावंच लागलं. तबकडी वाजू लागली, बाईंचे ओठ हलू लागले — आणि जमेना! तबकडी एक म्हणते, ओठ दुसरंच. परत घेतलं, परत तेच. का? अहो, बाई ऐकतच नव्हत्या! मनातल्या मनात आपलंच गात होत्या. हसू नका, आपलं तरी काय वेगळं आहे? बायको सांगत असते आणि आपण नुसती मान हलवतो!

शेवटी दिग्दर्शक हळूच कुणाला तरी म्हणाला, "बाईंना पाठमोऱ्या दाखवू."

पाठमोऱ्या! जिला बघायला गावंच्या गावं लोटायची, तिची पाठ दाखवणार. गळा गेला होता, आता चेहराही चालला. बाईंनी ते ऐकलं आणि उठून उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "त्या मुलीला बोलवा. माझ्यासमोर गाऊ दे."

शालन आली. किडकिडीत, घाबरलेली. पाया पडली. बाई म्हणाल्या, "बैस. गा." आणि तिचा श्वास कळावा म्हणून तिच्या पाठीवर हात ठेवला. पोरगी गाऊ लागली. 'नारायणा'पाशी आली, आणि शब्द मध्येच तुटला. नारा... मग श्वास... मग यणा. बाईंनी हात काढून घेतला.

"देवाचं नाव असं मध्ये तोडतात? कुणी शिकवलं तुला?"

शालन खाली बघत म्हणाली, "तुम्हीच."

"मी? मी तुला आज पहिल्यांदा बघते आहे."

"मिरजेला तुमच्या कंपनीचा मुक्काम असायचा. आम्हाला तिकीट कुठलं परवडायला? मी कनातीला पाठ लावून बाहेर बसायची न् ऐकायची. तुम्ही दरवेळी तिथंच श्वास घ्यायचात. मला वाटलं, ते तसंच म्हणायचं असतं."

बाईंनी काढून घेतलेला हात परत तिच्या पाठीवर ठेवला. मग अगदी हळू म्हणाल्या, "लहानपणी मलाही तसंच वाटायचं गं."

"म्हणजे?"

"माझ्या आईला दमा होता. देवळात ती हे भजन म्हणायची, आणि त्या जागी तिचा श्वास पुरायचा नाही. मी तिच्याकडनं ते तसंच उचललं, आणि आपण नाव तोडतो हे मला कधी ऐकूच आलं नाही. इतकी वर्षं लोक सुभद्राबाईंची खास जागा म्हणून टाळ्या देत आले. ती माझ्या आईची धाप होती."

पेटीवाले, पेटी जरा थांबवा.

अहो, उष्टं म्हणून जे ताट सारलं होतं, ते आईचंच उष्टं निघालं! लेकराला पहिला घास आई चावून भरवते. त्याला कधी कुणी उष्टं म्हटलंय? बाईंना रडू आवरेना. समोर ती पोरगीही रडायला लागली, कशासाठी ते तिला धड कळलंही नसेल. मग बाईंनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "त्या जागी काही बदलू नकोस. परत म्हण."

त्यानंतर कॅमेरा लागला तेव्हा बाई समोर तोंड करून बसल्या. ओठ एकीचे आणि गळा दुसरीचा, हे जाणकारालाही ओळखता येईना. चित्रपट चालला. जो तो म्हणायचा, "बाई, काय गायलात!" बाई दरवेळी शालनचं नाव सांगायच्या. सत्तरीत रंग उतरवला, त्या दिवशीच्या सत्कारातही कुणी तेच म्हणालं. तेव्हा बाई म्हणाल्या, "गात मी आयुष्यभर होते. त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं."

मंडळी, गोष्ट छान होती म्हणाल, घरी जाल, आणि सूनबाईच्या आमटीला नावं ठेवाल — "आमच्याकडं अशी नसते!" अहो, तुमच्याकडची तरी कुणाकडनं आली? तुम्ही रागावता ते कुणासारखं, हसता ते कुणासारखं, कधी बघितलंय? आत्ता छातीत चाललाय तो श्वासही कुणी विकत आणलेला नाही. तो ज्यानं दिला, त्याचं नाव आता घ्यायचंय. दरवेळी इथं प्रत्येकाला आपलाच आवाज वर हवा असतो. आज जरा खाली घ्या. शेजारच्याचं ऐका. आणि त्याचा श्वास जिथं तुटेल ना, तिथून नाव तुम्ही उचला. हं, पेटी धरा.