मुंग्यांचा रस्ता

नाही, नाही, तो फवाऱ्याचा पंप इथे दारात नका ठेवू, दादा—खिडकीतून दिसतो. तिकडे, पिंपामागे. मुलं झोपली नाहीयेत अजून. त्यांना दिसला तर काय, म्हणून काय विचारता—आख्खी बालवाडी मुंग्यांची वकील आहे! आणि हे मीच शिकवलंय बरं का. एकानं मुंगी बोटानं चिरडली, बाकीची हसली, माझं डोकं फिरलं—म्हटलं, थांबा, तुमच्या डोक्यात दया घालतेच! रोज रांगेपाशी बसवलं—ही बघा घरी निघाली, ही बाळाला खाऊ नेतेय—झालं! शिकली की मेली! एरवी दोन ओळींचं गाणं महिनाभर पाठ होत नाही, हे मात्र एका दिवसात. आता घरून साखरेच्या पुड्या आणतात, चोरून. गाद्यांखाली बिस्किटांचा चुरा—मुंग्यांना दुपारी भूक लागते म्हणे! काल तान्ह्यांच्या खोलीतलं बाळ किंचाळत उठलं, पाठ नुसती लालेलाल. त्याच्या आईनं मला असं झापलं—झापणारच, नाहीतर काय शाबासकी देणार? म्हणून मोठ्या बाई म्हणाल्या, फवारा मारून घ्या. म्हणजे—म्हणाल्या नाहीत अजून, म्हणतीलच. तुम्हाला फोन केला तो... हो, आवाज माझाच होता. कुणीतरी करायलाच हवा होता ना? ती पाठ बघितली असतीत तुम्ही तर—जाऊ दे. मुलांना सांगितलंय, नळवाले काका येणारेत. खोटं बोलू नये, हेही मीच शिकवलंय. पायावर धोंडा मारून घ्यावा तर माझ्यासारखीनं!

अगं ए ठमे, तू का उठलीस? झोप जा. हो, हेच ते नळवाले काका. सोड त्यांचं बोट. सोड म्हटलं ना! काय? 'काका, पाय उचलून टाका, इथून त्यांचा रस्ता आहे'—बरं, सांगितलंस ना? आत हो बघू आता. हो, ऐकलं काकांनी. जा.

गेली? मग ठेवा की तो पाय खाली! अहो, रांग ओलांडलीत तुम्ही—तेही चवड्यांवर! तुम्हाला मी बोलावलं कशाला, आणि तुम्ही... हसू नका. मला हसू येत नाहीये. संध्याकाळी ती आई येईल बाळाला न्यायला, तिला काय सांगू मी? नळवाले काका येऊन गेले? उचला तो पंप. उचला. मी दुसरा कुणीतरी बघते, खाली न बघता चालणारा. नाही, उद्याही नको—जा म्हटलं ना!