चौदा नंबर

काकू : हात लावून जाता, दोन दिवस नीट चालतं आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच रडगाणं. तिसरी खेप आहे ही तुमची.

मेकॅनिक : काकू, आधी आत तर येऊ द्या. सकाळपासून चार गच्च्या चढून आलोय.

काकू : चढलात म्हणजे आमच्यावर उपकार नाही केलेत. चपला तिथंच काढा. आणि आज खरं काय ते सांगून जायचं. पहिल्यांदा म्हणालात, वायर कुजलीय. वायर बदलली. मग म्हणालात, टॉवरवाल्यांनी फ्रिक्वेन्सी बदलली, सगळी चॅनेलं नव्यानं शोधावी लागतात. शोधलीत. आता काय उरलंय? भिंत पाडायची?

मेकॅनिक : चित्र फुटतंय का? चौकोन चौकोन? आवाज तुटतो?

काकू : काही फुटत नाही, काही तुटत नाही. स्वयंपाक दिसतो, कुस्त्या दिसतात, दागिने विकणाऱ्या बायका दिसतात. चौदा नंबर तेवढा दिसत नाही. तेराच्या पुढं एकदम पंधरा.

मेकॅनिक : एकच चॅनेल? मग हे फोनवर सांगायचं ना.

काकू : आठ दिवस मी काय सांगतेय?

मेकॅनिक : 'टीव्ही बिघडलाय, ताबडतोब या' म्हणता आणि फोन आपटता. मी काय मनकवडा आहे?

काका : अगं, जाऊ दे की त्याला. एक चॅनेल नाही दिसलं तर कोण उपाशी मरतंय इथं.

काकू : तुम्ही पेपर वाचा. तुम्हाला कोणी विचारलेलं नाही.

मेकॅनिक : थांबा, सिग्नल बघतो. ताकद पंच्याऐंशी, दर्जा नव्वद. अँटेना अगदी ठणठणीत आहे. आता पुन्हा एकदा शोध लावू.

काकू : लावा. आयुष्यभर शोधच लावत बसा.

मेकॅनिक : काकू, आता जरा दोन मिनिटं गप्प बसाल का? सारखं तोंड चालू असलं की माझंही डोकं फिरतं. माणूसच आहे मी.

काकू : बसले.

मेकॅनिक : झालं. काय म्हणतोय बघा : नवीन चॅनेल, शून्य.

काकू : म्हणजे नाहीच मिळालं.

मेकॅनिक : उलट. शून्य नवीन म्हणजे सगळी त्याला आधीच ठाऊक आहेत. चौदाचं चॅनेल याच्यातच आहे कुठंतरी. यादी शेवटपर्यंत बघतो. तीनशे... चारशे... हे काय. चारशे बाराला जाऊन बसलंय.

काकू : तिथं कसं गेलं ते?

मेकॅनिक : आपोआप नाही जात. हातानं हलवावं लागतं. त्याला चार आकडी पिन लागतो.

काकू : मला कुठला पिनबिन माहीत नाही.

मेकॅनिक : तुम्हाला नसेल. टीव्ही जोडून दिला तेव्हाच मी कागदावर लिहून दिला होता.

काकू : कोणाला?

मेकॅनिक : काकांना.

काका : हो. मी हलवलं. पुढं बोल.

काकू : तुम्ही? आठ दिवस मी या परक्या माणसाला वाट्टेल ते बोलतेय आणि तुम्ही खिडकीत बसून पेपर चाळताय?

काका : मी आधीच सांगितलं होतं. या घरात तिचं नाव काढायचं नाही.

काकू : नाव कुठं काढते मी? आवाज बंद करून बघते तिला, तुम्हाला त्रास नको म्हणून. दिवसभर दवाखान्यात केसपेपर काढायचे, सातला घरी यायचं आणि अर्धा तास नुसते ओठ हलताना बघायचे. तेवढंही तुम्हाला खुपलं.

मेकॅनिक : चौदा म्हणजे बातम्यांचं चॅनेल. सातच्या बातम्या देते ती? ती तुमची मुलगी?

काका : तू पण ऐकलं असशील. सगळ्या शहरानं ऐकलं. टाकीत औषध पडलं नाही, चाळीस मुलं आजारी, पाणीपुरवठ्याचा पर्यवेक्षक निलंबित. आणि पुढं माझं नाव, आडनावासकट. माझ्याच पोरीच्या तोंडून.

काकू : समोर आला तो कागद वाचला तिनं. नोकरी आहे ती.

काका : दुसऱ्या कोणाला वाचायला दे, एवढं म्हणता आलं असतं तिला. आवाजसुद्धा कापला नाही. हवामान सांगावं तसं सांगून मोकळी झाली.

काकू : आणि नंतर? मला फोन केला होता तिनं. दहा मिनिटं नुसती रडत होती. तुम्हाला सांगायला आले तर तोंडावर दार लावून घेतलंत. चार महिने झाले, तेव्हापासून ती पायरी चढलेली नाही. आता मला एकच सांगा. तिनं वाचलं ते खोटं होतं का?

काका : तिसऱ्या माणसासमोर...

काकू : त्याच्यासमोरच. आठ दिवस त्यानं माझं ऐकून घेतलंय. खोटं होतं का?

काका : नव्हतं.

मेकॅनिक : काकू, मी निघू का?

काकू : बसा. माझं चुकलं, उगाच तुम्हाला बोलले. पण आधी ते चॅनेल जागेवर आणून द्या. सात वाजतायत.

मेकॅनिक : आणलं. हे घ्या, चौदा.

(टीव्हीवर ओळखीचा आवाज. ठळक बातम्या सुरू होतात.)

काकू : रिमोट द्या इकडं. आवाज बंद करते, नाहीतर हे उठून जातील.

काका : राहू दे.

काकू : काय राहू दे?

काका : आवाज. घसा बसलाय तिचा. काल दुपारच्या बातम्यांत एवढा नव्हता.