भट्टी, पाहुणे आणि मागची खोली

हॅलो?… हॅलो, कोण, झानार?… हो, हो, मीच, दुसरं कोण असणार… अगं हळू, कानाचा पडदा फाटेल माझ्या… ऐकू येतंय, सगळं ऐकू येतंय.

नाही, आत्ताच गेले. ताटं अजून तशीच पडली आहेत… हो, भट्टीची जागा ठरवणाऱ्या समितीचे पाचही जण. आणि आपले नगराध्यक्ष. शेवटी बाहेर पडले ते, दारसुद्धा ओढून घेतलं नाही.

कोण म्हणालं?… कोण म्हणालं ते सांग आधी… हां, शोल्पान. तिची मावशी नगराध्यक्षांकडे कामाला, मग काय. अजून चुलीवरचं भांडं उतरलं नाही, तर बातमी तुझ्याकडे कारागांडीला पोचली!… "सागिंदिकनं मिस्ताऊ बुडवलं"? असं म्हणाली?… बरं. तुझे बाबा आहेत ते, नुसता सागिंदिक नाही. तिला सांग.

अगं ऐक ना… ऐक तर… मला माहीत नाही का? मलाच माहीत नाही का, झानार? ही धातू गाळायची नवी भट्टी आपल्या मिस्ताऊला आली की तुझ्या नवऱ्याला, बोलातला इथे काम, त्या तेलाच्या विहिरींवरचे पंधरा दिवस तिकडे नि पंधरा दिवस इकडे बंद, तुम्ही तिघं आपल्या घरी. तीन वर्षं मी दुसरं काय घोकतेय?… मग. म्हणून तर "आमच्या घरी जेवा" म्हटलं मी. मीच म्हटलं.

कारासोरला ना? भट्टी त्यांनाही हवीय, समिती परवा तिथे जाऊन आली. गावानं म्हणे घोड्यांच्या शर्यती लावल्या, मुलींना नाचवलं, पाचही जणांच्या अंगावर मखमली झगे घातले. शिवाय त्यांच्याकडे रेल्वे आहे, तळं आहे. आपल्याकडे काय, खाण आणि वारा. म्हणून नगराध्यक्षांनी शक्कल काढली, खऱ्या कामगाराच्या घरचं साधं जेवण… हो, साधं! कुंपण रंगवून घेतलं तीन दिवस आधी. शेजारच्या म्हातारीचं लाकूड उचलून नेलं, दिसायला बरं नाही म्हणे. ती अजून शिव्या घालतेय.

नाही, जेवण छान झालं. मांस असं उकडलं होतं की हाडावरून आपोआप सुटत होतं… खातील नाही तर काय!

ते सांगतेच आहे. मधे मधे तोडू नकोस.

काल नगराध्यक्षांचा फोन आला. म्हणाले, "कुल्याश आपा, उद्या सागिंदिक आगांना जरा आराम करू द्या. मागच्या खोलीत. दार लावून."… का म्हणजे? खोकला. जुन्या भट्टीवर एकतीस वर्षं काढलेला माणूस टेबलाशी बसून खोकायला लागला, तर नव्या भट्टीची काय शोभा राहणार?… हो. असंच. जवळजवळ याच शब्दांत.

मी काय म्हणाले? मी "बरं" म्हणाले.

…हो गं, म्हणाले. तुझ्यासाठीच म्हणाले. त्यांच्याच घरात त्यांना मागच्या खोलीत बसवलं मी. चहाचा थर्मास ठेवला, पाव ठेवला. ते नुसतं म्हणाले, "दार घट्ट लाव, नाहीतर आवाज येईल." लाज वाटली गं मला. अजून वाटतेय.

मग काय. मेंढीचं डोकं शिजवून ताटात ठेवलं आणि नेलं थेट समितीच्या प्रमुखापुढे. सगळ्यात मोठा साहेब, डोकं कापून वाटायचा मान त्याचाच… अगं तेच तर चुकलं! साहेब मोठा, पण वय किती? छत्तीस-सदतीस! आणि कुणी, कुणी म्हणजे कुणी विचारलं नव्हतं, की याचे वडील आहेत का… हयात आहेत! चांगले ठणठणीत, गावी मेंढ्या राखतात… मग कसा हात लावणार तो? वडील जिवंत असताना डोकं कापेल का कुणी? शहरात वाढलेला असला तरी तेवढं कळतं त्याला.

त्यानं ताट नगराध्यक्षांकडे सरकवलं. त्यांचेही वडील आहेत. त्यांनी पुढे सरकवलं… हसू नकोस गं, मला घाम फुटला होता. ते डोकं आपलं टेबलभर फिरतंय, गाडी चुकलेल्या पाहुण्यासारखं! आणि नेमका तेव्हाच… हो. खोकले ते. आतून. चांगली दोन मिनिटं.

तो साहेब मला विचारतो, "आपा, आत कोण आहे?"

काय सांगणार? म्हटलं, माझे यजमान.

"वय काय त्यांचं?"

म्हटलं, एकोणसत्तर.

"मग घरचा वडीलधारा माणूस आत, आणि आम्ही इथे कसे बसलोय?"

नगराध्यक्ष असे लाल झाले ना. मी तर जमिनीकडेच बघत होते. तोवर तो पोरगा उठला, स्वतः गेला, दार उघडलं आणि हात धरून त्यांना घेऊन आला. मानाच्या जागी बसवलं… घरातल्या स्वेटरवरच! कोपरावर ठिगळ लावलेला, तोच.

अगं, छान कापलं त्यांनी. गालाचं मांस सगळ्यांना वाटलं आणि कान कापून दिला, कुणाला माहितेय?… साहेबाला! लहानांना देतात तसा, ऐकायची सवय लागावी म्हणून. त्यानं मुकाट्यानं खाल्ला.

हो, मग आशीर्वाद. डोकं ज्याच्या हाती, आशीर्वाद त्यानंच द्यायचा ना… सांगते. शोल्पानच्या मावशीनं सांगितलं तसं नाही, मी तिथे होते.

हात उघडे धरले त्यांनी. सगळ्यांनी धरले. म्हणाले, "भट्टी यावी. तिनं आम्हाला पोसलं, ते मी विसरलो नाही. बाहेर गेलेली पोरं परत यावीत. आणि जे ही भट्टी बांधतील, त्यांचीही बिऱ्हाडं इथेच, आमच्या गल्लीत यावीत. त्यांच्या नातवंडांनी आमच्याच शाळेत जावं, आमच्याच हवेत मोठं व्हावं. आमीन."

एवढंच… हो, एवढंच. शिवी नाही, शाप नाही. आणि पाचही जण "आमीन" म्हणाले, तोंडावरून हात फिरवले. मग हळूहळू त्यांच्या लक्षात आलं आपण कशाला आमीन म्हटलं ते. ती चष्मेवाली इंजिनियर बाई तर हात गालावरच ठेवून बसली.

निघताना बूट घालता घालता साहेबानं विचारलं, "आगा, जुन्या भट्टीच्या धुराचं काय करायचात तुम्ही?" हे म्हणाले, "काय करणार? खिडक्या लावून घ्यायचो." त्यानं वहीत लिहून घेतलं.

…मला कसं माहीत असणार, झानार? कारासोरलाही जाईल, इथेही येईल… नाही, मी त्यांना माफी मागायला सांगणार नाही… नाही म्हणजे नाही. नगराध्यक्षांनी कितीही फोन करू देत… अगं मलाही हवंय! तुझ्यापेक्षा जास्त हवंय! सकाळी उठले की दोनच कप काढते मी, तुला काय कळणार ते.

बरं. ओरडून झालं? मग आता मी विचारते, तू सांग.

समज, भट्टी इथेच आली. तशीच, जशी आधीची होती. चिमणी तिथेच, दवाखान्यामागे. बोलातला नोकरी लागली. तू येशील ना?… लेकीला, तोगझानला घेऊन? थंडीत रोज वाफ द्यावी लागते ना तिला?… तिला घालशील ना आपल्या शाळेत?

…

हॅलो?

…झानार? आहेस ना? की तुटला फोन?… हं, आहेस. श्वास ऐकू येतोय.

अगं, मी रागावून नाही विचारलं… नको, नको सांगूस. राहू दे. रडू नकोस… मीही नाही रडत. कांदा चिरला होता मघाशी.

थांब जरा, ते हाक मारतायत… काय हो?… हो, झानारच आहे… काय म्हणतेय?

…म्हणतेय, बाबांनी बरोबर केलं… हो हो, तिनंच म्हटलं. आत्ताच.

…म्हटलंस ना गं?

…झानार?

…बरं. ठेवते.