डिपॉझिटच्या शेळ्या

घराच्या डिपॉझिटचे पैसे वर्षभर कुठं ठेवावेत, हे मला तरी विचारू नका. सोलापुरात फ्लॅट घ्यायचा म्हणून साठवलेल्या पैशांची मी एफडी करणार होतो. गावाकडं आमचे आण्णा शेळ्या राखतात. ते म्हणाले, "बँकेत काय वाढतंय? शेळ्या घेऊ. वरसात दुप्पट हुतील की."

मला पटलं.

वर्ष सरलं आणि बिल्डरनं आठवड्याची मुदत दिली. मी फोन केला, "आण्णा, शेळ्या विका."

"आता न्हाय. समद्या गाभण हायत."

"मग काय झालं?"

"ह्या उन्हाळ्यात पाळायला कोण घेतंय? घेणार खाटीकच. आपल्या घरातनं गाभण शेळी खाटकाला कदी गेली न्हाय."

मी चिडलो. "एफडी असती तर मोडता तरी आली असती!"

आण्णा म्हणाले, "मोडली की तिचं व्याज बुडतं, एवढंच. हितलं व्याज जित्तं हाय, लेकरा."

फ्लॅट गेला.

फ्लॅट घेतला की भाड्याची खोली सोडतो, असं मी घरमालकाला सांगून ठेवलं होतं. परवा त्यानं विचारलं, "खोली कधी सोडताय?"

माझ्या तोंडातनं निघून गेलं, "व्याल्या की सांगतो."